गांजाला परवाना? बंदी, कर आणि कायद्याचा सव्वाशे वर्षांचा प्रवास

मादक पदार्थांवर सरसकट बंदी ठेवावी, की त्यांची विक्री सरकारी नियंत्रणाखाली आणून त्यावर कर आकारावा, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत जगातील अनेक कायदेमंडळांपुढे आला. उरुग्वे, कॅनडा, जर्मनी आणि अमेरिकेतील अनेक राज्यांनी गांजाविषयीचे आपले जुने कायदे बदलले. थायलंडने बदललेले धोरण तीनच वर्षांत आवरते घेतले. भारतात ही चर्चा निघाली की ती परदेशातून आलेली टूम मानली जाते. वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे. गांजा परवान्यावर विकणे आणि त्यावर कर वसूल करणे, ही पद्धत भारतात दीर्घकाळ रूढ होती. तिची सविस्तर चौकशीही झाली आणि अखेर १९८५ च्या केंद्रीय कायद्याने तिला पूर्णविराम मिळाला. त्यामुळे आजच्या वादाचा विचार करताना कोलोराडो किंवा टोरांटोच्या आधी आपलाच इतिहास पाहणे उचित ठरते.

एक मागणी, तीन प्रश्न

'अमली पदार्थ कायदेशीर करा' या मागणीत तीन निरनिराळ्या गोष्टींची सरमिसळ होते. पहिली गोष्ट सेवनाची. स्वतःच्या सेवनासाठी अल्प प्रमाणात पदार्थ बाळगणाऱ्याला गुन्हेगार मानावे की नाही, हा तो प्रश्न. दुसरी गोष्ट विक्रीची : परवानाधारक दुकानातून हा पदार्थ प्रौढ व्यक्तीला विकत घेता यावा की नाही. तिसरी गोष्ट कराची : अशा विक्रीवर शासनाने किती कर घ्यावा आणि त्या पैशाचे काय करावे. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकच असण्याचे कारण नाही. पोर्तुगालने २००१ मध्ये पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'गुन्हा मानू नये' असे दिले, पण विक्री हा गुन्हा तेथे आजही कायम आहे.

पदार्थांमध्येही भेद आहे. ज्या झाडापासून गांजा मिळतो, त्याच झाडाच्या पानांची भांग होते, मादी झाडाच्या फुलोऱ्याच्या शेंड्यांचा गांजा आणि त्यावरील राळेचे चरस. अफूपासून मिळणारा गर्द म्हणजे हेरॉइन आणि रासायनिक प्रक्रियेने तयार होणारा एमडी म्हणजे मेफेड्रोन, हे वेगळ्या जातीचे पदार्थ होत. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ येथील कारखान्यासह विविध ठिकाणी छापे घालून दीड हजार किलोहून अधिक एमडी जप्त केले. असे पदार्थ दुकानात विकावेत, ही मागणी कोणत्याही देशाच्या कायद्यात प्रत्यक्ष उतरलेली नाही. आजवर परवाना आणि कर यांची व्यवस्था उभी राहिली ती मुख्यतः गांजापुरती. म्हणून येथेही विचार गांजाचाच आहे.

सरकारी गोदामातला गांजा

ब्रिटिश अमदानीत गांजा, भांग आणि अफू ही अबकारी खात्याच्या उत्पन्नाची साधने होती. बंगाल प्रांतातील राजशाही भागातल्या नौगाव येथे, म्हणजे आजच्या बांगलादेशात, परवाना घेऊनच गांजाची लागवड करता येत असे. पीक निघाल्यावर ते सरकारी देखरेखीखालील गोदामात जमा होई. तेथून माल उचलताना शेरामागे ठरलेला कर भरावा लागे आणि किरकोळ विक्रीच्या दुकानांचे परवाने लिलावाने दिले जात. मध्य प्रांतात खांडवा हे या पिकाचे केंद्र होते. मुंबई इलाख्यात अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात गांजाचे पीक घेतले जाई. इलाख्यातील मादक द्रव्यांचे नियमन १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने होत असे.

या पद्धतीला आव्हान मिळाले ते लंडनमध्ये. मद्यपानविरोधी चळवळीतील नेते व खासदार विल्यम केन यांनी २ मार्च १८९३ रोजी ब्रिटिश संसदेत बंगालमधील गांजाच्या लागवडीचा आणि त्याच्या दुष्परिणामांचा प्रश्न उपस्थित केला. त्यातून 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन' नेमले गेले. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष. राजा शशिशेखरेश्वर रॉय, कंवर हरनाम सिंग आणि लाला निहालचंद हे तीन भारतीय सदस्य होते. आयोगाने देशभर फिरून १,१९३ साक्षी नोंदवल्या. त्यांत डॉक्टर, जिल्हाधिकारी, लागवड करणारे शेतकरी, दुकानदार, वैद्य, मिशनरी असे सर्व थरांतील लोक होते.

आयोगाच्या कामातील सर्वांत मोलाचा भाग वेड्यांच्या इस्पितळांविषयीचा आहे. गांजाने माणूस वेडा होतो, हा समज तेव्हाही सार्वत्रिक होता आणि इस्पितळांच्या आकडेवारीचा त्याला आधार दिला जाई. १८९२ या वर्षात अशा इस्पितळांत दाखल झालेल्या १,३४४ रुग्णांपैकी २२२ जणांच्या नावापुढे गांजा वा तत्सम द्रव्य हे वेडाचे कारण नोंदलेले होते. आयोगाने या प्रत्येक प्रकरणाच्या मुळाशी जाऊन चौकशी केली. रुग्णाला आणणारा पोलीस शिपाई कारणाच्या रकान्यात ऐकीव माहिती भरतो आणि पुढे तीच नोंद वैद्यकीय आकडेवारी म्हणून छापली जाते, असे अनेक ठिकाणी आढळले. छाननीअंती २२२ पैकी ९८ प्रकरणांतच या द्रव्यांशी संबंध मानता येईल, असे आयोगाने ठरवले. याचा अर्थ दुष्परिणाम खोटे होते असा नव्हे. ९८ माणसे होतीच. परंतु धोका किती, हे ठरवण्याची रीत कशी असावी, याचा हा वस्तुपाठ होता.

१८९४ च्या अहवालात आयोगाने तीन मुख्य निष्कर्ष मांडले. मर्यादित सेवनाने बहुतेकांना फारशी इजा होत नाही. अतिरेक मात्र शरीर आणि मन या दोन्हींना घातक ठरतो. आणि संपूर्ण बंदी घालणे आवश्यकही नाही आणि व्यवहार्यही नाही. बंदी घातल्यास लोक याहून घातक द्रव्यांकडे वळतील, अशी भीतीही व्यक्त झाली. त्याऐवजी लागवड थोड्या क्षेत्रापुरती मर्यादित ठेवणे, पुरेसा कर आकारणे, दुकानांची संख्या कमी करणे आणि एका व्यक्तीने जवळ बाळगायच्या प्रमाणावर मर्यादा घालणे, हे उपाय सुचवले गेले. सर्व सदस्य या मताचे नव्हते. राजा शशिशेखरेश्वर रॉय आणि लाला निहालचंद या दोन भारतीय सदस्यांनी आपले भिन्नमत नोंदवले. अहवालाचा आधार आज कायदेशीर मान्यतेचे समर्थक घेतात. तथापि ज्या सरकारला या द्रव्यांतून महसूल मिळत होता, त्याच सरकारने हा आयोग नेमला होता, ही बाब विरोधक नजरेआड करू देत नाहीत.

न्यूयॉर्क ते नवी दिल्ली

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. घटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने औषधी उपयोग वगळता आरोग्यास अपायकारक मादक पेये व द्रव्ये यांच्या सेवनावर बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे मार्गदर्शक तत्त्व घालून दिले. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याच्या कक्षेत दारूबरोबरच मादक द्रव्येही आली. उत्तर प्रदेश, राजस्थान अशा राज्यांत सरकारमान्य भांगेची दुकाने दिसतात. महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय भांगेलाही मुभा नाही, ती या कायद्यामुळे.

१९६१ मध्ये न्यूयॉर्क येथे अमली द्रव्यांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात गांजाला हेरॉइनच्या पंक्तीला बसवण्यात आले. धार्मिक व सामाजिक चालीरीतींचा विचार करून भारतासारख्या देशांना दोन सवलती मिळाल्या. शेंड्यांविना असलेली पाने आणि बिया गांजाच्या व्याख्येतून वगळल्या गेल्या. भांग वाचली ती या वगळणुकीमुळे. शिवाय वैद्यकीय कारणाशिवाय होणारे सेवन बंद करण्यासाठी २५ वर्षांची मुदत देण्यात आली. ही मुदत संपत येत असताना, राजीव गांधी यांचे सरकार असताना, ऑगस्ट १९८५ मध्ये 'नार्कोटिक ड्रग्ज अँड सायकोट्रॉपिक सब्स्टन्सेस' म्हणजेच एनडीपीएस विधेयक लोकसभेत मांडले गेले आणि १४ नोव्हेंबर १९८५ पासून कायदा अमलात आला. एवढ्या दूरगामी कायद्याला तीन महिनेही लागले नाहीत.

त्या काळात मुंबई-पुण्यात गर्दने थैमान घातले होते, हे येथे लक्षात घ्यायला हवे. डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ मध्ये पुण्यात 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, ते याच पार्श्वभूमीवर. गर्दचे संकट खरे होते. त्यावर आलेल्या कायद्याच्या जाळ्यात मात्र शतकानुशतके चिलमीत ओढला जाणारा गांजाही तितक्याच सहजतेने आला.

आजचा कायदा काय सांगतो?

एनडीपीएस कायद्यात २००१ मध्ये महत्त्वाची दुरुस्ती होऊन प्रमाणानुसार शिक्षा ठरू लागली. गांजापुरती स्थिती पुढीलप्रमाणे आहे :

- अल्प प्रमाण (१ किलोपर्यंत) : एक वर्षापर्यंत कारावास, १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.
- मधले प्रमाण (१ किलोहून अधिक, २० किलोपर्यंत) : दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड.
- व्यापारी प्रमाण (२० किलोहून अधिक) : दहा ते वीस वर्षे सक्तमजुरी व एक ते दोन लाख रुपये दंड. या गुन्ह्यांत जामीन मिळणे अत्यंत कठीण असते.
- केवळ सेवन : सहा महिन्यांपर्यंत कारावास, १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.
- लागवड : दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड.

कायद्याच्या ६४-अ कलमान्वये, स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. कागदावरील ही तरतूद चांगली आहे; परंतु उपचार केंद्रे पुरेशी नसतील, तर तिचा उपयोग किती, हा प्रश्न उरतोच.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, १० ते ७५ या वयोगटातील २.८ टक्के, म्हणजे सुमारे ३ कोटी १० लाख भारतीयांनी त्याआधीच्या वर्षभरात भांग, गांजा वा चरस यांचे सेवन केले होते. त्यांपैकी गांजा-चरस घेणारे सुमारे १ कोटी ३० लाख होते. कायदा शब्दशः राबवायचा तर एवढ्या लोकांवर खटले भरावे लागतील. ते शक्य नाही. त्यामुळे नेमके कोण सापडते, याला महत्त्व येते. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने मुंबईतील न्यायालयीन नोंदींचा अभ्यास करून २०२० मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यानुसार बहुसंख्य प्रकरणे केवळ सेवनाची आणि तीही मुख्यतः गांजाची होती. पकडले गेलेले बहुतेक जण पदपथावर वा झोपडपट्टीत राहणारे आणि रोजंदारीवर काम करणारे होते. गुन्हा कबूल करून, दंड भरून ते सुटत. दंडाची रक्कम लहान असते, पण गुन्ह्याची नोंद कायम राहते. बंद दाराआड ओढणारा सहसा या नोंदींत येत नाही.

परदेशांतील अनुभव

कायदेशीर विक्रीचा मार्ग पत्करलेल्या देशांचा अनुभव एकसारखा नाही. उरुग्वेने २०१३ मध्ये कायदा केला. तेथे नोंदणी केलेल्या नागरिकालाच घरी लागवड, क्लब किंवा औषधाचे दुकान यांपैकी एका मार्गाने गांजा मिळतो, दुकानातील दर सरकार ठरवते आणि पर्यटकांना विक्री होत नाही. महसुलापेक्षा काळ्या बाजाराला शह देणे, हा तेथील मुख्य हेतू आहे.

अमेरिकेतील कोलोराडोत जानेवारी २०१४ मध्ये दुकाने उघडली. करातील ठरावीक वाटा शाळांच्या इमारतींसाठी राखून ठेवल्याने मतदारांना ही योजना पटली. कॅलिफोर्नियात मात्र निरनिराळ्या करांच्या ओझ्याने परवानाधारक माल महाग झाला, बेकायदा विक्री जोमात राहिली आणि लागवडीवरील कर जुलै २०२२ मध्ये रद्द करावा लागला. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून विक्री खुली केली. ग्रॅममागे एक डॉलर किंवा किमतीच्या १० टक्के, यांत जे अधिक असेल ते उत्पादन शुल्क, असा नियम झाला. दर ग्रॅमला दहा डॉलरच्या आसपास राहील, असा तेव्हा कयास होता. प्रत्यक्षात दर कोसळले, शुल्क मात्र एक डॉलरच राहिले आणि अनेक उत्पादक शुल्काच्या थकबाकीत अडकले. बहुतांश ग्राहक कायदेशीर दुकानांकडे वळले, ही जमेची बाजू. गांजायुक्त गोळ्या-चॉकलेटे अजाणतेपणी खाऊन लहान मुले रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण वाढले, ही खर्चाची बाजू.

थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला. पण विक्रीचे सविस्तर नियम करणारा कायदा संमत झालाच नाही. हजारो दुकाने उघडली आणि जून २०२५ मध्ये डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची करावी लागली. जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून प्रौढांना सार्वजनिक जागी २५ ग्रॅमपर्यंत गांजा बाळगण्यास व घरी तीन झाडे लावण्यास परवानगी दिली, दुकानातील विक्रीला मात्र दिली नाही. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने २०२० मध्ये सर्वच अमली पदार्थ अल्प प्रमाणात बाळगणे गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले होते. उपचारांची व्यवस्था वेळेत उभी राहिली नाही, रस्त्यांवरील सेवन वाढल्याची ओरड झाली आणि सप्टेंबर २०२४ पासून ते पुन्हा गुन्हा ठरले. शिक्षा काढून घेणे एका दिवसात होते. उपचारांची सोय उभी करायला वर्षे लागतात.

दारूने शिकवलेला धडा

परवाना व कर या पद्धतीचा महाराष्ट्राला सर्वांत जवळचा परिचय आहे तो दारूचा. येथे दोन्ही प्रयोग शेजारी-शेजारी चालू आहेत. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि तिच्यामागे लोकचळवळ उभी होती. डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने पुढे 'मुक्तिपथ' हा उपक्रमही तेथे सुरू झाला. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून आलेली बंदी, अवैध विक्री वाढल्याचे कारण देऊन, २०२१ मध्ये उठवण्यात आली. बंदी टिकते ती पोलिसांच्या दंडुक्याने की गावाच्या निर्धाराने, याचे उत्तर या दोन जिल्ह्यांच्या तुलनेत शोधता येते.

उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. कर लावला की काळा बाजार संपतो, हा समर्थकांचा युक्तिवाद मुंबईच्या अनुभवाला उतरत नाही. २००४ मध्ये विक्रोळीत आणि जून २०१५ मध्ये मालाड-मालवणीत विषारी दारूने बळी घेतले. मालवणीतील मृतांची संख्या शंभरावर गेली. मुंबईत दारूबंदी नव्हती. सरकारमान्य दुकाने हाकेच्या अंतरावर होती. तेथील बाटली ज्यांना परवडत नव्हती, ते गुत्त्यावर गेले. गांजावर भरघोस कर लावला तर, दुकानात सुखवस्तू ग्राहक आणि गल्लीत गरीब ग्राहक, अशीच विभागणी होण्याचा धोका आहे. आंध्र-ओडिशाच्या सीमाभागातून चोरट्या वाटांनी येणारा माल कर भरणार नाही आणि तपासणीलाही जाणार नाही.

दुसरा धडा तिजोरीचा. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्कात मोठी वाढ केली, तेव्हा वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपयांच्या जादा महसुलाची अपेक्षा व्यक्त झाली. एवढे उत्पन्न ज्या विक्रीतून येते, ती विक्री कमी व्हावी असे धोरण आखणे कोणत्याही सरकारला जड जाते. विशेष म्हणजे घटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत, नोंद ५१ मध्ये, दारूबरोबरच अफू आणि 'भारतीय हेम्प' यांवर उत्पादन शुल्क आकारण्याचा राज्यांचा अधिकार आजही शाबूत आहे. गांजावर कर घेण्याची घटनात्मक वाट बुजलेली नाही. मध्ये उभा आहे तो एनडीपीएस कायदा.

शेतकऱ्यांचा प्रश्नही येथे येऊन मिळतो. ऑगस्ट २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने कोणत्याच पिकाला भाव मिळत नसल्याचे सांगत गांजा लावण्याची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितली होती. ऊस, तूर वा केळीच्या आड गांजाची झाडे लावल्याची प्रकरणे अधूनमधून उघडकीस येतात आणि जोखीम उचलणारा शेतकरी दहा वर्षांच्या शिक्षेला सामोरा जातो. परवाना पद्धत आली तरी लाभ लहान शेतकऱ्याला मिळेल, याची हमी नाही. कॅनडात हा व्यवसाय प्रामुख्याने कंपन्यांच्या हाती गेला.

पुढची वाट

वैद्यकीय दृष्टीने गांजा निरुपद्रवी नाही. सेवन करणाऱ्या साधारण दहांपैकी एकाला व्यसन जडते. किशोरवयात सुरुवात झाल्यास, विशेषतः तीव्र मात्रेचा माल नियमित घेतल्यास, मनोविकाराचा धोका वाढतो. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अमली द्रव्य आयोगाने गांजाला सर्वांत कडक यादीतून वगळण्याचा निर्णय २७ विरुद्ध २५ मतांनी घेतला आणि भारताने वगळण्याच्या बाजूने मत दिले; परंतु तो निर्णय औषधी उपयोगाच्या संदर्भातील होता. त्याचा अर्थ खुल्या विक्रीला संमती असा काढता येत नाही.

या साऱ्या अनुभवांतून एक क्रम मात्र सुचतो. सेवन करणाऱ्याला तुरुंगाऐवजी उपचाराकडे नेण्यासाठी विक्री खुली करावी लागत नाही. कायद्यातील ६४-अ कलमाची तरतूद व्यापक करणे आणि तालुका पातळीवर व्यसनमुक्तीची सोय उभी करणे, एवढ्याने त्याची सुरुवात होऊ शकते. विक्रीचा प्रश्न त्यानंतरचा. तो सोडवताना दुकान नाकारण्याचा अधिकार गावाला असावा की नाही, हेही ठरवावे लागेल. दारूच्या बाबतीत महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी 'आडव्या बाटली'ला कौल दिल्यास दुकान बंद होते. कराचा प्रश्न सर्वांत शेवटचा. महसुलाच्या मोहाने आलेली मान्यता आणि भीतीपोटी आलेली बंदी, या दोहोंचा हिशेब अखेरीस पदपथावर पकडल्या जाणाऱ्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना चुकवावा लागतो.

(व्यसनमुक्तीविषयी माहिती व समुपदेशनासाठी केंद्र सरकारची निःशुल्क मदतवाहिनी : १४४४६)